व्हॅन हॉफ्टन, जेम्स

(जन्म : ११ जून १९४४). कक्षेत बिघडलेले दोन उपग्रह दुरुस्त करणारे अमेरिकन अंतराळवीर. जन्म कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो येथे. अमेरिकी नौदलात त्यांनी एफ-४ फँटम विमाने चालवली आणि १९७६ मध्ये जलीय अभियांत्रिकीत पीएच.डी. मिळवली. १९७८ मध्ये नासाने त्यांची निवड केली. धिप्पाड बांध्यामुळे सहकारी त्यांना ‘ऑक्स’ (बैल) म्हणत. हे टोपणनाव पुढे सार्थ ठरले.

एप्रिल १९८४ मध्ये चॅलेंजर यानातून ते सूर्याचा अभ्यास करणाऱ्या ‘सोलर मॅक्स’ उपग्रहाकडे गेले. १९८० मध्ये सोडलेल्या या उपग्रहाची दिशा-नियंत्रण यंत्रणा काही महिन्यांतच निकामी झाली होती. सहकारी जॉर्ज नेल्सन पाठीवरच्या उड्डाणयंत्राने त्याच्यापर्यंत पोहोचले, पण पकडीचा जबडा बसेना. आराखड्यात न दाखवलेला एक बारीकसा उंचवटा आड येत होता. अखेर यानाच्या यांत्रिक हाताने उपग्रह धरला गेला. मग दोघांनी नियंत्रण यंत्रणेचा आख्खा खोकाच बदलला. तो बदलता यावा अशीच त्याची रचना होती. एका उपकरणाचा इलेक्ट्रॉनिक संच मात्र तसा नव्हता. जाड हातमोजे घालून त्याचे बारीक स्क्रू काढावे लागले. मानवरहित उपग्रह पकडून, दुरुस्त करून पुन्हा कक्षेत सोडल्याची ही पहिली घटना. सोलर मॅक्स पुढे १९८९ पर्यंत काम करत राहिला.

दुसरे काम अधिक अवघड होते. नौदलासाठी भाडेतत्त्वावर बनवलेला ‘लीसॅट-३’ हा उपग्रह एप्रिल १९८५ मध्ये यानातून बाहेर पडला, पण सुरूच झाला नाही. सुमारे ७ टनांच्या या पिंपासारख्या उपग्रहावर अवकाशात कोणी दुरुस्ती करील, असे तो बनवताना गृहीतच धरले नव्हते. ऑगस्टअखेरीस डिस्कव्हरी यानाच्या यांत्रिक हाताच्या टोकावर उभे राहून व्हॅन हॉफ्टन यांनी तो हातांनी धरला. विल्यम फिशर यांनी विद्युत जोडणी पूर्ण केली. कक्षेत वजन जाणवत नाही, पण जडत्व तसेच राहते. त्यामुळे एवढा बोजा हलवताना घाई करून चालत नाही आणि एकदा हलला की थांबवणेही तितकेच कठीण जाते. शेवटी व्हॅन हॉफ्टन यांनी उपग्रहाला हातानेच गरगरा फिरवून सोडले, कारण स्थिर राहण्यासाठी त्याला स्वतःभोवती फिरणे भाग होते. ऑक्टोबरमध्ये त्याची मोटर पेटली व तो ठरलेल्या कक्षेकडे निघाला.

१९८६ मध्ये नासा सोडून ते बेक्टेल या अभियांत्रिकी व बांधकाम कंपनीत गेले आणि हाँगकाँगच्या नव्या विमानतळाच्या प्रकल्पात त्यांनी काम केले.