‘अंगणात गाय आहे’ आणि ‘गाय अंगणात आहे’

समजा, पाचवीतल्या एका मुलाने लिहिलंय: ‘आमच्या गावात जत्रा भरते. मला पाळणा आवडतो. खूप धूळ होती. आजीने रेवड्या घेतल्या.’ शुद्धलेखनाची एकही चूक नाही, तरी वाचताना ठेचा लागतात. मग आपण सांगतो, ‘उभयान्वयी अव्ययं वापर.’ पुढच्या वेळी वहीत येतं: ‘जत्रा भरते म्हणून मला पाळणा आवडतो.’ झालं!

ही ठेच १९७४ साली सुसान हॅविलंड आणि हर्बर्ट क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी चक्क वेळ लावून मोजली. त्यांनी लोकांना वाक्यांच्या जोड्या वाचायला दिल्या. एक जोडी अशी: ‘आम्ही गाडीतून बिअर काढली. बिअर गरम होती.’ दुसरी: ‘आम्ही सहलीचं सामान तपासलं. बिअर गरम होती.’ शेवटचं वाक्य तेच, पण दुसऱ्या जोडीत ते समजायला जास्त वेळ लागला. सामानात बिअर असणार, हे वाचकाला मनातल्या मनात जोडून घ्यावं लागलं. वाक्याची सुरुवात आपल्याला आधीच्या माहितीपाशी नेते आणि नवं काही तिथे आणून ठेवते. आधीचं टोक सापडलं नाही की मन अडखळतं.

गंमत म्हणजे मराठी मुलांना हे बोलताना येतंच. ‘अंगणात गाय आहे’ म्हटलं तर गाय ही नवी बातमी. ‘गाय अंगणात आहे’ म्हटलं तर गाय ठाऊकच होती, ती कुठे गेली एवढंच कळलं. इंग्रजीत जे काम बरंचसं नामाआधी येणारे ‘अ’ (a) आणि ‘द’ (the) हे शब्द करतात, ते आपल्याकडे शब्दांचा क्रम करतो. पहिलीतलं पोरही यात सहसा चुकत नाही. वहीत मात्र आठवेल तसं एकेक वाक्य उतरतं. कार्ल बेराइटर आणि मार्लिन स्कार्डामालिया या शिक्षण-संशोधकांनी १९८७ साली नवशिक्या लेखकांची नेमकी हीच रीत वर्णन केली: विषय दिसला, एक गोष्ट आठवली, लिहिली, दुसरी आठवली, लिहिली.

म्हणून मी अव्ययांची यादी बाजूला ठेवून अंताक्षरी खेळायला सांगेन. मागच्या वाक्यातलं काहीतरी उचलायचं आणि तिथून पुढे जायचं. ‘आमच्या गावात जत्रा भरते. जत्रेत सगळ्यात उंच असतो तो पाळणा. पाळण्यातून आजीचं घर दिसतं. यंदा मात्र ते धुळीत दिसेना, म्हणून मी रडलो. मग आजीने रेवड्या घेतल्या.’ ‘मात्र’, ‘म्हणून’, ‘मग’ न सांगता आले, आणि आपापल्या जागी बसले.

सर्वनामं तेवढी तपासावीत. पाळणा आणि मामा दोघेही ‘तो’. ‘तो जोरात फिरला’ म्हणजे नक्की कोण?

हा प्रश्न बाईंना पडत नाही. त्यांनी असे शेकडो निबंध वाचलेले असतात, गाळलेले दुवे त्या नकळत भरतात. त्यामुळे पहिलं वाचन शेजारच्या बाकावरच्या, ती जत्रा न पाहिलेल्या मुलीला द्यावं. ती ‘कोण?’, ‘का?’ असं जिथे विचारेल, तिथे पेन्सिलीने फुली मारायची.