खांब कुजले, खळगे उरले : इनामगावच्या घरांची पार्श्वभूमी

जुन्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानत, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. घरांच्या पडक्या भिंती, चुलीतली राख, शेण, हाडं हे सगळं शेकडो वर्षं एकाच जागी साचलं की मातीचा रंगच पालटतो. म्हणून पुरातत्त्वाची मंडळी नदीकाठानं फिरताना आधी पांढरीची टेकाडं शोधतात. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगावला अशी टेकाडं होती. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. शंभराहून अधिक घरांचे अवशेष हाती आले.

आता घर ‘सापडतं’ म्हणजे नेमकं काय सापडतं? तीन हजार वर्षांपूर्वीची लाकडं, बांबू, गवत यातलं काहीच उरत नाही. खांब जागच्या जागी कुजतो आणि त्याच्या खळग्यात हळूहळू वरची माती भरते. ही माती आजूबाजूच्या चोपलेल्या जमिनीपेक्षा भुसभुशीत आणि रंगानं वेगळी असते. जमीन हलक्या हातानं खरवडली की गोल डाग दिसू लागतात. डाग जोडत गेलं की भिंतीची रेघ मिळते. कधी कूड, म्हणजे काटक्यांची भिंत, जळालेला असतो, तेव्हा भाजून कडक झालेल्या लेपाच्या ढेकळावर काटक्यांचे ठसे स्पष्ट उमटलेले असतात.

‘आदिमानव गुहेत राहायचा’ हे वाक्य आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, तेही यामुळेच. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाचे खडकाश्रय हजारो वर्षं टिकले, त्यामुळे १९५७ मध्ये वि. श्री. वाकणकरांच्या नजरेला ते पडू शकले. उघड्यावरच्या गवताच्या झोपड्या कुणाच्या नजरेला पडणार? गुहा असतील तिथं माणूस गुहेत राहिला, बाकी ठिकाणी त्यानं काहीतरी उभारलंच असणार.

महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक धुळे जिल्ह्यात कावठे इथं आहे, सुमारे इ.स.पू. २००० ची. तिथं गोलसर खड्डा खणून त्यावर छप्पर घातलेली बिऱ्हाडं मिळाली. इनामगावची वस्ती त्यानंतरची. इ.स.पू. १६०० च्या सुमारास माळवा संस्कृतीचे लोक तिथं आले आणि ऐसपैस चौकोनी घरं बांधू लागले. इ.स.पू. १४०० नंतर जोर्वे संस्कृतीचा काळ सुरू झाला (हे नाव संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून पडलं). या काळातली घरं सुमारे पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद, ओळीनं मांडलेली आणि मधे बोळ सोडलेली. खाली मातीची बुटकी भिंत, तिच्यावर कूड, कुडाला आतबाहेर मातीचा लेप, वर गवताचं छप्पर. कोकणात किंवा मावळात लहानपण गेलेल्या कुणालाही ही रचना समजावून सांगावी लागणार नाही.

आतही ओळखीचंच आहे. चूल आहे, धान्याचं पेव आहे, कणगी ठेवायला मातीचा गोल ओटा आहे, आणि रांजण डुगडुगू नये म्हणून मांडलेले चार चपटे दगड आहेत. मला हे चार दगड फार आवडतात. एका पाच खोल्यांच्या घराच्या शेजारी धान्याचं कोठार निघालं. ते घर गावच्या मुखियाचं असावं असा अभ्यासकांचा कयास आहे.

मात्र जमिनीखाली जे होतं ते आपल्या ओळखीचं नाही. दगावलेल्या लहान मुलांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीत पुरत. मोठ्या माणसांनाही तिथंच पुरत, पण बहुतेकांची पावलं घोट्यापासून तोडलेली असत. मेलेलं माणूस चालत निघून जाऊ नये म्हणून असेल, असा एक तर्क आहे. मग वरची जमीन सारवून त्याच घरात रोजचा स्वयंपाक चालू.

इ.स.पू. १००० च्या सुमारास मात्र चौकोनी घरं मागे पडली आणि छोट्या गोल झोपड्या आल्या. अडाणी काळाकडून प्रगतीकडे जाणाऱ्या सरळ जिन्याची आपल्याला इतकी सवय आहे की ही उलटी पायरी खटकते. ढवळीकरांनी त्याचं कारण पावसात शोधलं. हवामान कोरडं झालं, शेती आटली, शिकार आणि शेळ्यामेंढ्यांवर भिस्त वाढली. अशा वेळी गोल झोपडी परवडते. तिला जाड खांब लागत नाहीत, आढं लागत नाही, पातळ काठ्या वर एकत्र बांधल्या की काम होतं. आणि ती सोडून जाताना फारसं काही मागे राहत नाही. हवामानाच्या या कारणावर सगळ्यांचं एकमत नाही, पण घरं आक्रसली हे तर जमिनीवरच दिसतं.

या झोपड्या मोजताना एक घोटाळा होतो. त्या तीन-चारच्या घोळक्यानं, मधे अंगण सोडून उभ्या असत आणि सगळ्यांत चूल नसे. म्हणजे एक झोपडी रांधायची, एक निजायची, एक सामानाची, आणि तिन्ही मिळून एकच कुटुंब, असं असू शकतं. प्रत्येक गोल म्हणजे एक बिऱ्हाड असं धरलं, तर गावाची लोकसंख्या वाढल्यासारखी दिसेल, आणि तीही नेमकी उपासमारीच्या काळात.

इ.स.पू. ७०० च्या आसपास इनामगाव ओस पडलं.