शेतीच्या कामासाठी परदेशात स्वयंसेवक: कोकणातून अर्ज करताना

कोकणातून परदेशी जाणं काही नवं नाही. कुणाचा भाऊ कुवेतला, कुणाचा मामा जहाजावर. पण शेतीच्या कामासाठी, तेही स्वयंसेवक म्हणून आफ्रिकेत जायचं म्हटलं की घरचा पहिला प्रश्न ठरलेला: “एजंट किती घेतो?”

एक रुपयाही नाही. आखाती व्हिसासाठी पैसे मोजायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की फी मागितली नाही तरच संशय येतो. इथे उलट आहे. फॉर्म, मुलाखत, निवड, कशासाठीही कुणी पैसे मागितले की तो माणूस खोटा.

ही माहिती मुख्यतः संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाची, म्हणजे यूएनव्हीची आहे. १९७० साली आमसभेच्या ठरावाने तो सुरू झाला, मुख्यालय जर्मनीत बॉनला. यूएनव्ही स्वतः शेतीचे प्रकल्प चालवत नाही. ज्यांचे प्रकल्प असतात त्यांना माणसं देते. अन्नसुरक्षेच्या कामात ही ‘यजमान’ संस्था बहुधा अन्न व कृषी संघटना (एफएओ), जागतिक अन्न कार्यक्रम (डब्ल्यूएफपी) किंवा ग्रामीण भागासाठी कर्ज-अनुदान देणारी आयफाड असते. नेटवर शोधताना अमेरिकेचं पीस कोअर आणि जपानच्या जायकाचे स्वयंसेवकही दिसतील. त्यांत वेळ घालवू नका. पहिलं अमेरिकी नागरिकांसाठी आहे, दुसरं जपानी.

कोण अर्ज करू शकतं

वय आणि अनुभव यांवरून गट पडतात. १८ ते २६ वर्षांचे ‘युवा’ गटात येतात, त्यांना अनुभव नसला तरी चालतो. २७ च्या पुढे ‘स्पेशालिस्ट’, किमान ३ वर्षांचा अनुभव हवा. ३५ च्या पुढे ‘एक्स्पर्ट’, तिथे १५ वर्षं लागतात. शेवटच्या दोन्ही गटांना वरची मर्यादा ८० आहे. निवृत्त झालेल्या कृषी सहायकांनी हे दोनदा वाचावं. शिक्षणाची अट प्रत्येक जागेची वेगळी असते. पुष्कळ ठिकाणी पदवी मागतात, काही ठिकाणी पदविका चालते. इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश यांपैकी एक भाषा कामापुरती यायला हवी. आंतरराष्ट्रीय गटातून निवड झाली तर नेमणूक स्वतःच्या देशात मिळत नाही.

एकदम घर सोडणं जमणार नसेल तर ऑनलाइन स्वयंसेवक होता येतं. आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, १२ आठवड्यांपर्यंत. मानधन नाही, पण प्रमाणपत्र मिळतं आणि पुढच्या अर्जात ते उपयोगी पडतं.

प्रोफाइल: इथेच अर्ज तरतो किंवा बुडतो

यूएनव्हीच्या पोर्टलवर खातं उघडून प्रोफाइल भरायचं, मग जाहीर झालेल्या जागांमधून निवडून अर्ज करायचा. बटणं दाबणं सोपं आहे. अडतं ते ‘अनुभव’ या रकान्यात. आपली मुलं तिथे ‘घरची शेती’ एवढंच लिहून मोकळी होतात. वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार?

घरच्या शेतीत काय केलंत ते सांगा. वरकस जमिनीवर नाचणी-वरी घेतली? किती गुंठ्यांवर, किती वर्षं? नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेची, इथिओपिया-युगांडात आजही लोकांचं रोजचं अन्न आहे. वर्षानुवर्षं कीड न लागता टिकणारं हे धान्य तुमच्या कणगीत असेल, तर ती साठवण तुम्ही कशी करता हे तिकडच्या कामाशी थेट जोडलेलं आहे. खाडीकाठचे असाल तर आणखी चांगलं. खारबंधारा फुटला की भातखाचरात खारं पाणी घुसतं, मग पुढच्या पावसात जमीन धुऊन निघेपर्यंत काय करायचं, पनवेल-३ सारखं क्षार सोसणारं वाण कुठे लावायचं, हे ज्याने स्वतः केलंय त्याला समुद्रकाठच्या कुठल्याही देशात सांगण्यासारखं काहीतरी आहे.

तिसरी गोष्ट शेतीशाळा. कृषी विभागाच्या शेतीशाळेत तुम्ही मदतनीस होतात? तर ते ठळकपणे लिहा. बांधावर गट जमवून पीक बघत शिकायची ही पद्धत एफएओने १९८९ मध्ये इंडोनेशियातल्या भातशेतकऱ्यांबरोबर सुरू केली आणि आज अनेक देशांत तीच चालते. बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या ताईंचा अनुभवही यातच येतो. वहीत किती बायका, किती कर्ज, परतफेड कशी, हे आकड्यांत लिहायचं.

प्रत्येक अनुभवाला महिना-वर्ष घाला, कारण वर्षांची बेरीज त्यावरूनच होते. पुरावा म्हणून कृषी विज्ञान केंद्राचं (किर्लोस, रोहा, जे जवळ असेल ते) प्रशिक्षण प्रमाणपत्र, गटाचं पत्र किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिबिराचा दाखला जपून ठेवा. संदर्भ म्हणून सरपंचांपेक्षा ज्यांनी तुमचं काम शेतात उभं राहून पाहिलंय अशा माणसाचं नाव द्यावं असं मला वाटतं.

आणि शेवटच्या तारखेवर विसंबू नका. जुलैत वीज गेली की टॉवरही जातो.

कागदपत्रं

पासपोर्ट आधी काढा. निवड झाल्यावर धावपळ नको. ३६ पानी, १० वर्षांचा पासपोर्ट १५०० रुपयांत होतो. दहावीचं प्रमाणपत्र जोडलंत की ईसीआरचा, म्हणजे ‘परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी हवी’ असा, शिक्का लागत नाही.

खरी डोकेदुखी नावाची. शाळेच्या दाखल्यावर मूळ आडनाव, आधारवर गावावरून पडलेलं ‘कर’वालं, लग्नानंतर बँकेत तिसरंच. पोर्टलवरचं नाव पासपोर्टशी अक्षरन्‌ अक्षर जुळायला हवं आणि पदवीच्या कागदाशीही. जुळत नसेल तर नावबदलाची नोंद राज्य राजपत्रात करून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो, पण छापून यायला वेळ लागतो, म्हणून हे काम पासपोर्टच्याही आधी.

पदवी आणि गुणपत्रकांवर काही देश अपोस्टिल मागतात, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात चालणारी सरकारी खूण. ही खूण ज्या हेग कराराने चालते, त्यात भारत २००५ पासून आहे. आधी राज्य सरकारची खातरजमा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर, असा क्रम. ज्या देशाला हा करार लागू नाही तिथे त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेच्याच पोर्टलवरून मिळतं, पण मागितल्याशिवाय काढू नका. जुनं झालं की पुन्हा काढावं लागतं.

निवडीनंतर

व्हिडिओवर मुलाखत होते. “गटात भांडण झालं तेव्हा तुम्ही काय केलंत?” अशा धाटणीचे प्रश्न येतात, उत्तर स्वतःच्या एका प्रसंगातून द्यायचं, उपदेशातून नव्हे. मग संदर्भांकडे चौकशी, वैद्यकीय तपासणी, सुरक्षेचं ऑनलाइन प्रशिक्षण आणि नेमणुकीचा प्रस्ताव.

पैशांबद्दल स्पष्ट सांगतो: पगार नसतो, निर्वाह भत्ता असतो आणि तो देशागणिक बदलतो. प्रवासखर्च, विमा, रजा मिळते. नेमणुकीच्या ठिकाणी नीट राहता येईल एवढा भत्ता असतो. घरावर कर्जाचे हप्ते असतील तर आधी घरच्यांबरोबर बसून हिशेब करा.

आफ्रिकेतला देश मिळाला तर बहुधा पीतज्वराची लस लागते. बोटीवर जाणाऱ्यांना ‘यलो कार्ड’ ठाऊक आहेच, ते या लशीचंच कार्ड. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. ती टोचल्यापासून १० दिवसांनी ग्राह्य धरतात, म्हणून विमानाच्या तारखेआधी तेवढे दिवस हातात ठेवा. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. कार्ड मात्र परतीच्या प्रवासातही हातातल्या पिशवीत असू द्या. साथीच्या देशातून कार्डाशिवाय भारतात उतरलात तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, आणि घरचे मुंबईच्या विमानतळाबाहेर गाडी घेऊन थांबलेले असतात.