बाळंतिणीचा ताप आणि बाळाचा चौथा दिवस : नवजात चिकनगुनियाची पार्श्वभूमी

चिकनगुनिया म्हटलं की आपल्याला सांधे धरलेली मोठी माणसं आठवतात, २००६ साली भिंतीला धरून मोरीपर्यंत जाणारे लोक ज्यांनी घरात बघितलेत त्यांना तर सांगायलाच नको. पण हाच आजार चार दिवसांच्या बाळाला होतो आणि त्याच्या मेंदूपर्यंत जातो, हे अजून कित्येक घरांत माहीतच नाही. खरं तर डॉक्टरांनाही हे कळून फार वर्षं झालेली नाहीत.

आजार जुना आहे. १९५२ मध्ये आजच्या टांझानियातल्या माकोंडे पठारावर त्याची पहिली मोठी साथ नोंदली गेली आणि नावही माकोंडे भाषेतलंच, अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा', चिकनशी त्याचा काही संबंध नाही (२००६ ला आपल्याकडे कितीतरी लोकांना तसंच वाटत होतं). १९६३ ला कोलकात्यात साथ आली आणि १९७३ ला थेट आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. तिथल्या पाहणीत शंभरातले ३७-३८ लोक आजारी पडल्याचं दिसलं, म्हणजे जवळपास घरटी एकदोन माणसं अंथरुणाला. त्यानंतर ३० वर्षं हा आजार आपल्याकडे जणू गायबच झाला, आणि परत आला तेव्हा पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला) तपासणीत दिसलं की हा व्हायरसचा जुना आशियाई प्रकार नव्हेच, आफ्रिकेकडचा आहे. मला राहून राहून वाटतं की १९७३ ला बार्शीत बाळंतिणी पण असणारच ना, त्यांची बाळंही असणार. पण तेव्हा आईकडून बाळाला हा आजार जातो ही गोष्टच वैद्यकात माहीत नव्हती.

ती कळली हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, २००५-०६ च्या साथीत. फ्रान्सचं हे छोटं बेट, जेमतेम पावणेआठ लाख वस्ती आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना लागण. तिथल्या डॉक्टरांना जन्मताना ठणठणीत असलेली बाळं तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक मलूल होताना दिसायला लागली. मग त्यांनी एक काम फार चिकाटीने केलं, २२ महिन्यांत झालेल्या साडेसात हजार बाळंतपणांत कुठल्या आईला ताप कधी आला ते मांडून बघितलं. पावणेसातशेच्या वर बायकांना गरोदरपणात आधीच कधीतरी चिकनगुनिया होऊन गेला होता, त्यांच्यापैकी एकीच्याही बाळाला जन्माच्या वेळी लागण झाली नाही. पण बाळंतपणाच्या अगदी आसपास, म्हणजे साधारण दोन दिवस आधी ते दोन दिवस नंतर, ज्या ३९ जणींच्या रक्तात व्हायरस होता त्यातल्या १९ जणींच्या बाळांना तो लागला. जवळजवळ निम्म्या! सिझेरियन करूनही फरक पडला नाही. कळा चालू असताना वारेतून आईचं रक्त थोडं बाळाकडे जात असावं, असा त्यांचा अंदाज.

त्या १९ पैकी एकही बाळ जन्मताना आजारी नव्हतं. लक्षणं दिसली तिसऱ्या ते सातव्या दिवसात, बहुतेकदा चौथ्या. ताप, अंगावर पुरळ, हातापायाला सूज, प्लेटलेट कमी, आणि दूध ओढायचं बंद. आणि दुखणं! बाळ सांगणार कसं, पण दुपटं बदलायला पाय धरला की किंचाळतं, एरवी रडणारं बाळ उचललं की गप्प होतं आणि हे उचललं की जास्तच रडतं. सुरुवातीला हे सगळं सेप्सिससारखंच (रक्तात जंतू पसरून होणाऱ्या आजारासारखं) दिसतं म्हणून अँटिबायोटिक सुरू होतात, ते चूकही नाही, पण कारण दुसरंच असतं. त्या १९ पैकी निम्म्याहून जास्त बाळं गंभीर झाली, ९ बाळांचा त्रास मेंदूपर्यंत गेला आणि पुढे दोन वर्षांची झाल्यावर तपासलं तेव्हा लागण झालेल्यांतली साधारण निम्मी मुलं वाढीत मागे दिसली.

भारतात डॉक्टरांनी आणखी एक खूण टिपली, ताप उतरता उतरता बाळाचं नाक आणि नाकाभोवतीची कातडी काळी पडते. घरचे लोक दृष्ट लागली म्हणतात, पण अनुभवी बालरोगतज्ज्ञाला तेवढ्यावरून शंका येते. मात्र ही खूण उशिरा येते, तिची वाट बघत बसू नये. पहिल्या दिवसांत रक्तातला व्हायरस थेट शोधणारी पीसीआर टेस्टच खरं सांगते. व्हायरस मारणारं औषध अजून नाही, सलाईन, ताप-वेदनेवर डॉक्टर देतील ते, फिट आली तर त्यावर उपचार, एवढंच हातात असतं. आईचं दूध मात्र तोडू नका, त्यातून हा आजार जातो असं दिसलेलं नाही.

आता अडचण बघा, आपल्याकडे नॉर्मल बाळंतपण झालं की दोन-तीन दिवसांत बाळ-बाळंतीण माहेरी जातात आणि हा आजार उगवतो चौथ्या दिवशी, घरी, जिथे बाळाने दूध सोडलं की आधी घुटी उगाळली जाते. पुन्हा दवाखान्यात नेलं तर तिथले नवे डॉक्टर बाळाला तपासतात, आईला ताप कधी आला होता हे त्यांना कोण सांगणार? म्हणून साथीच्या दिवसांत आईला शेवटच्या आठवड्यात ताप किंवा सांधेदुखी झाली असेल तर डिस्चार्जच्या आधी ते स्वतःहून सांगा, आठवडाभर बाळाला नजरेखाली ठेवता येईल का विचारा आणि डिस्चार्ज कार्डावर आईच्या तापाची तारीख लिहून घ्या.