देवाला चालतं ते फूल केकला चालेलच असं नाही
लातूर-नांदेडकडं रिसेप्शनला आता तीन थरांचा केक असतो, आणि सोबत हा जुना समज: फूल ताजं आहे, धुतलंय, मग केकमध्ये खोचायला काय हरकत? हरकत आहे. कण्हेर देवाला वाहतात, पण तिचं पान, फूल, देठ सगळंच विषारी, थेट हृदयावर परिणाम करणारं. कण्हेर तर देठाला फ्लोरल टेप (फुलांच्या देठाला गुंडाळायची पट्टी) लावूनही केकवर नको. बाजारातल्या गुलाबावर फवारणी झालेली असते, आणि आंतरप्रवाही औषध झाडात भिनतं. ते नळाखाली धुऊन जात नाही. वर कापलेल्या देठाचा चीक क्रीममध्ये उतरतो तो वेगळाच. बिनविषारी फुलाच्याही देठाला फ्लोरल टेप गुंडाळा, तो स्ट्रॉमध्ये घाला आणि स्ट्रॉ केकमध्ये रोवा. केक कापण्याआधी सगळी फुलं मोजून काढा. खायचीच असतील तर अंगणातल्या, न फवारलेल्या देशी गुलाबाच्या पाकळ्या घ्या.