टँजेन्शियल

टँजेन्शियल : मुख्य विषयाला जेमतेम चाटून जाणाऱ्या मुद्द्यासाठी किंवा शेऱ्यासाठी वापरले जाणारे इंग्रजी विशेषण. उच्चारताना जोर ‘जेन्’वर येतो. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘स्पर्श करणे’. डॅनिश गणिती थॉमस फिंके याने १५८३ मध्ये ‘टँजेन्ट’ ही संज्ञा वापरली; लाक्षणिक अर्थ पुष्कळ नंतरचा.

वर्तुळाची स्पर्शिका, म्हणजेच टँजेन्ट, वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करते आणि तेथील त्रिज्येला लंब असते. दोरीला बांधून गरगर फिरवलेला दगड दोरी तुटताच याच रेषेच्या दिशेने सुटतो. बोलता बोलता भरकटण्याला इंग्रजीत ‘टँजेन्टवर निघून जाणे’ म्हणतात, ते यामुळेच.

हे विशेषण ‘असंबद्ध’ या अर्थाने सर्रास वापरले जाते, पण ते चूक आहे. स्पर्शाचा एक तरी खरा बिंदू हवाच. सोसायटीच्या सभेत पाणीपट्टीची चर्चा चालू असताना कोणी ‘टँकर उभा करायला जागाच नाही’ म्हणाले, तर तो मुद्दा टँजेन्शियल. त्यावरून पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या हा वाद पेटला, की पाणीपट्टीशी संबंध संपला, ते असंबद्धच. मराठीत ‘ओझरता संबंध असलेला’ हा पर्याय बहुतेक ठिकाणी चालतो. ‘आनुषंगिक’ मात्र जपून वापरावा, कारण आनुषंगिक खर्च मुख्य कामामुळेच उद्भवतो. टँजेन्शियल गोष्टीला तसा कार्यकारणभाव लागत नाही.

वाक्यरचनेत या विशेषणापुढे ‘टू’ हे शब्दयोगी येते. मराठीतल्या ‘च्याशी’च्या सवयीने तिथे ‘विथ’ घातले जाते, ते खटकते. क्रियाविशेषण ‘टँजेन्शियली’ बहुधा ‘रिलेटेड’च्या आधी येते. कार्यालयीन पत्रात ‘तुमचा मुद्दा टँजेन्शियल आहे’ हे वाक्य सौम्य दिसले तरी वाचणाऱ्याला ते ‘हे इथे नको’ असेच ऐकू येते.

मनोविकारशास्त्रात अर्थ अधिक काटेकोर आहे. प्रश्नाला बगल देऊन तिरकस उत्तर देणारा आणि मूळ मुद्द्यावर न परतणारा रुग्ण टँजेन्शियल बोलतो, अशी नोंद होते. नाना तपशिलांत घोळून अखेर उत्तरापाशी पोचणाऱ्या पाल्हाळाला वेगळी संज्ञा आहे. दोन्हींतला फरक शेवटीच कळतो, त्यामुळे तपासणाऱ्याने मध्येच न तोडता रुग्णाला बोलू द्यावे लागते. घाईत दोन्ही सारखेच वाटतात.