आयर्लंडमध्ये टीव्ही १९६१ सालीच आला?

‘३१ डिसेंबर १९६१ च्या आधी आयरिश माणसानं टीव्ही पाहिलाच नव्हता,’ असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. तारीख बरोबर आहे, पण ती ‘टेलिफीश एरन’ या आयर्लंडच्या स्वतःच्या वाहिनीची. त्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष एमन डी व्हॅलेरा पडद्यावर आले आणि त्यांनी टीव्हीची तुलना चक्क अणुशक्तीशी केली: भलं अफाट, नुकसानही तितकंच! उद्घाटनाला असं भाषण क्वचितच झालं असेल.

पण लहरींना सीमा कुठली कळते? १९५३ मध्ये, राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या तोंडावर, बीबीसीने सीमेपलीकडच्या, ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात प्रक्षेपक सुरू केला. १९५५ मध्ये शहरालगतच्या डिव्हिस डोंगरावर जास्त ताकदीचा आला. १९५९ च्या ऑक्टोबरअखेरीस अल्स्टर टेलिव्हिजनही सुरू झालं. सीमेलगतच्या आणि पूर्व किनाऱ्यावरच्या, अगदी डब्लिनमधल्याही काही घरांवर तोवर उंच अँटेना उभ्या राहिल्या होत्या. चित्रात कधीकधी मुंग्या दिसायच्या, तरी लोक बघायचे. शेजारचे कार्यक्रम असे घरात येत होते, म्हणूनच तर स्वतःच्या वाहिनीची मागणी जोर धरू लागली.